आमचे हे शीतलशी बोलले

सौंसरच्या कॉलेजात मी मानवतावादी मानसशास्त्र शिकवते. नाव जड आहे, गोष्ट सोपी: माणसाला त्याचं उत्तर स्वतःतच सापडतं, कोणीतरी धीरानं ऐकणारं हवं. म्हणून वर्गात माझे नियम कडक. समोरचा बोलत असताना तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही. कित्येक वर्षं घसा फोडून हेच सांगतेय.

ऐकण्याच्या सरावाला बोलणारा खरा माणूस लागतो. त्या दिवशी शीतल या माझ्या विद्यार्थिनीच्या वाट्याची बाई आलीच नाही, तेव्हा मीच फोन करून आमच्या ह्यांना संत्र्याच्या बागेतून बोलावून घेतलं. भूपेंद्र म्हणजे महाघुमा माणूस. म्हटलं, पोरीचा कस लागेल.

दाराच्या काचेतून आवाज येत नव्हता, दिसत मात्र सगळं होतं. थोड्याच वेळात हे बोलायला लागले. मग हातवारे. मग खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले! माझ्यासमोर हे कधी रडले नाहीत, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कालपर्यंत साध्या व्याख्या विचारायला माझ्या मागे फिरणारी ही पोरगी, आणि माझा नवरा तिच्यापुढे मोकळा!

हे गेल्यावर मी शीतलला गाठलं.

"काय म्हणाले गं?"

"मॅडम, ते नाही सांगू शकत मी."

"अगं, बायको आहे मी त्यांची! अन् मार्क माझ्याच हातात आहेत."

"तुम्हीच शिकवलं ना, बाहेर सांगाचं नाही म्हणून." ती खाली बघत होती. मग हळूच म्हणाली, "तुमाले लय वाईट वाटून राहिलं, मॅडम."

माझीच विद्या माझ्यावर! त्यात तिचं काही चुकत नव्हतं, ते जास्त झोंबलं. मार्क पूर्ण दिले, पण दात-ओठ खाऊन दिले.

संध्याकाळी ह्यांच्यापुढे चहाचा कप आदळला.

"तिच्याजवळ रडता, माझ्याजवळ नाही. जीव जळून राहिला माझा, सरळ सांगते."

ह्यांनी सांडलेला चहा दुपट्ट्यानं पुसला.

"तुले सांगाचं नव्हतं असं नाही, विजया," हे म्हणाले. "आई गेली ना, त्या दिवशी मी जामसांवलीले मारुतीच्या दर्शनाले गेलो होतो. पण निघताना आई मले म्हणे..."

"अहो, त्यात तुमचा काय दोष? डॉक्टरच म्हणाले होते, काळजीचं कारण नाही. असं मनाला लावून घेऊ नका. सकाळी जरा फिरायला जात जा, बरं वाटेल." किती मायेनं म्हणाले मी!

"हो, जाईन," हे म्हणाले. चहा संपवला आणि उठले.

निघताना सासूबाई काय म्हणाल्या होत्या, ते शीतलला माहीत आहे.