उजेडाची वहिवाट

शिवणमावशीनं दोऱ्याचं टोक ओठांत धरून धरून त्याचा पार कुंचा केला, तरी सुईचं नेढं काही गवसेना. मान वर करून बघते, तर खिडकीपुढं शेजारच्या गिरणीवाल्याची भिंत आणखी हातभर चढलेली. जे ऊन रोज सकाळी तिच्या मशीनवर उतरायचं, ते भिंतीच्या माथ्यावर बसून तिला वाकुल्या दाखवत होतं.

पदर खोचून ती बाहेर आली. "अरे बाबा, खोली वाढवतोस तर पलीकडच्या अंगाला वाढव की. माझा उजेड गेला."

गिरणीवाला गवंड्याच्या हाती विटा देत होता. भुवयांवर पीठ तसंच. "जागा माझी, विटा माझ्या. ऊन काय तुझ्या नावावर लागलंय, मावशी?"

"नावावर नाही, पण लग्न होऊन आले तेव्हापासूनची वहिवाट आहे."

"मग दिवा लाव."

"काळ्या कापडावर काळा टाका दिव्यानं दिसतो होय रे? उद्या तुझ्याच विजारीला तिसरा पाय लागायचा."

गवंडी फिसकन हसला. गिरणीवाल्याला ते झोंबलं. "उजेड असेल तिथं जाऊन बस, जा."

मावशीनं ते शब्द गाठीला बांधले.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाला जेवायला घरी आला, तर त्याच्याच ओसरीवर मशीन खडखडत होतं. मावशी ऊन मांडीवर घेऊन शिवत होती आणि त्याची बायको शेजारी बसून बटणं निवडत होती.

"हे काय?"

"तूच म्हणालास ना, उजेड असेल तिथं बस. फिरून आले. तुझ्या ओसरीसारखा उजेड गावात नाही."

तो उंबऱ्याकडं वळला तशी बायकोनं हात आडवा केला. "थांबा. आत सुताराची सून नवं पोलकं घालून बघतेय."

"आणि माझं जेवण?"

"तिचं होऊ द्या. मागं अजून दोघी आहेत."

ताट गिरणीत जाऊ लागलं. तेवढ्यावर निभावलं असतं. पण मापाला आलेल्या बायका नुसतं माप देऊन थोड्याच उठतात? गप्पांच्या नादात बायको सांगून बसली, की हा एवढा पोतं उचलणारा गडी पाल दिसली की खाटेवर चढतो. संध्याकाळी दळणाला आलेला जो तो डबा ठेवताना विचारी, "काय, गेली का पाल?"

आठवडाही निघाला नाही. गिरणीवाल्यानं गवंड्याला बोलावलं. "कमरेएवढी ठेव, बाकीची उतरव. ओटाच करू."

"आणि खोली?"

"उतरव म्हटलं ना."

भिंत उतरली. मावशीनं मशीन घरी आणलं, खिडकीशी बसली आणि पहिल्याच झटक्यात दोरा ओवला. ऊन तिच्या मनगटावर मांजरासारखं पसरलं होतं.

तेवढ्यात बुटक्या भिंतीवरून गिरणीवाल्याची बायको डोकावली. हातात बटणांचा डबा.

"मावशी, ओसरी कशी ओस पडलीय हो. दिवसभर बोलायला कुणी नाही." तिनं गिरणीच्या वाटेकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "गवंड्याला सांगू का, चढव म्हणून परत?"