अकरा एकांची संख्या

कात्रजच्या दत्तोबांचा रखमाजी, रखमाजीचा सावळाराम आणि सावळारामाचा हा दशरथ. पहिल्या तिघांनी पाटाचे पाणी वळवले; दशरथ महापालिकेत चावीवाला झाला, वस्त्यांचे पाणी सोडणारा. निवृत्तीनंतर, गेल्या मंगळवारी, काखेत वह्यांचा गठ्ठा घेऊन तो माझ्या दारात उभा होता.

"बाई, तुटली."

"काय तुटली? नीट सांग. आणि चपला बाहेर."

"अकरा एकांची संख्या."

मला आठवण करून द्यावी लागली नाही. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी सातवीच्या फळ्यावर मी ओळीने अकरा एक मांडले आणि सांगितले, ही संख्या एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही भागली जात नाही. मागच्या बाकावरून दशरथ उठला.

"बाई, समद्यांनी भागून बघितलंय का?"

मी शंभराच्या आतल्या मूळ संख्यांनीच भागले होते. ते कबूल करण्याऐवजी मी त्याला पूर्ण तास वर्गाबाहेर उभे केले. वर "भागणारी संख्या आण, मी तुझ्या जागी उभी राहीन," असेही बजावले. वर्ग हसला. त्याच वर्षी दशरथची शाळा सुटली.

आता त्याने वह्या माझ्यापुढे ठेवल्या. पाणी सोडले की ते बंद करेपर्यंत दोन-अडीच तास बसून राहावे लागे. त्या वेळात त्याने एकेका मूळ संख्येने भागाकार केला होता. दोन हजारांहून अधिक भागाकार, प्रत्येकाची बाकी लाल शाईत. हातच्याची शंका आली म्हणून तीन वह्या पुन्हा केलेल्या. शेवटच्या पानावर बाकी शून्य.

एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास गुणिले पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. मी स्वतः गुणाकार केला. चष्मा पुसून पुन्हा केला. दोन्ही वेळा अकरा एक.

"माझी नात स्पृहा म्हणली, फोनवर एका सेकंदात आलं असतं."

"मग इतकी वर्षे का घालवलीस?"

"तुम्ही मला आणायला सांगितलं हुतं, बाई. फोनला नाय."

मी काठी घेतली, बाहेर गेले आणि चपलांच्या मांडणीशेजारी उभी राहिले. दशरथ मागोमाग आला.

"अवो बाई! पाय दुखतील, बसा."

"तास पस्तीस मिनिटांचा होता. वर्गात जा."

तो आत गेला आणि वह्या मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला टेकला. तेवढ्यात माझी सून निशा मंडईतून आली, हातात भाजीची पिशवी.

"आई, बाहेर का उभ्या?"

"शिक्षा आहे. तू आत जा, चहा टाक."

गुडघे कुरकुरत होते. दशरथची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. एकदाही माझ्याकडे वळली नाही, आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. काटा पस्तिसाव्या मिनिटावर आला तेव्हा मी उंबऱ्याशी थांबले.

"येऊ का आत?"

वह्या मांडीवरून खाली ठेवून दशरथ उठून उभा राहिला.