शेवटच्या पानावरची सही

माल्सूननं अल्बमच्या पुस्तिकेचं शेवटचं पान तिसऱ्यांदा वाचलं. सहावं गाणं, 'पहाटेचं शटर'. गीत: योम. म्हणजे लेक ज्या गाण्यांच्या कंपनीत होती, तिचे प्रमुख.

"ह्या मेल्यानं जन्मात लसणाची एक पाकळी तरी सोलली असेल का गं?" तिनं शेजारच्या मासळीवाल्या ओक्बूनला विचारलं.

मांगवोन बाजारात माल्सूनचं आंबवलेल्या तिखट कोबीच्या किमचीचं नि तयार भाज्यांचं दुकान. तिची गायुल पाच पोरींच्या गटात गाते, आणि त्यांचा सहा गाण्यांचा नवा अल्बम त्याच दिवशी आला होता. 'थंडीत लसूण सोलताना नखांत आग पेटते' ही सहाव्या गाण्यातली ओळ माल्सूनच्याच रोजच्या कुरकुरीतली. गायुलनं ती उचलली आणि ह्याच दुकानात, किमचीच्या डब्यावर वही ठेवून सगळं गाणं लिहिलं. आणि खाली नाव कुणाचं, तर योमचं!

फोनवर गायुल म्हणाली, "आई, सगळीकडे असंच चालतं. पुढच्या महिन्यात करार वाढवायचाय. तू गप्प बस, हात जोडते."

"तू लिहायचं आणि त्यानं मिरवायचं? आयत्या बिळावर नागोबा!"

गप्प बसणं माल्सूनच्या रक्तात नव्हतं. अल्बमवर सह्या घ्यायच्या कार्यक्रमाला चिठ्ठ्या टाकून माणसं निवडतात. जितके अल्बम घ्याल तितक्या चिठ्ठ्या. ओक्बूननं अख्खा बाजार कामाला लावला. मुळेवालीपासून चपलावालीपर्यंत साऱ्यांनी माल्सूनच्या नावावर अल्बम घेतले, आणि तिचा नंबर लागला.

शनिवारी रांगेतल्या पोरींनी आपापल्या अल्बममध्ये रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. कुठल्या गायिकेनं कुठल्या फोटोवर सही करायची, ते कळावं म्हणून. माल्सूनच्या अल्बममध्ये एकच चिठ्ठी होती, शेवटच्या पानावर. टेबलामागच्या चौघींना "नीट जेवत जा गं" एवढंच सांगून ती पाचव्या खुर्चीसमोर बसली. गायुलचा चेहरा पांढराफटक पडला.

मागे उभा असलेला कंपनीचा माणूस वाकला. "काकू, सही फक्त फोटोवर. नियम आहे."

"फोटो घेऊन काय करू? हिचं तोंड मी जन्मापासून बघतेय. गाणं जिनं लिहिलं तिची सही हवी मला, गाण्याखाली."

"आई, नको ना," गायुल पुटपुटली.

"सहा वर्षं तालमी केल्यास, वजनापायी उपाशी झोपलीस. मी ब्र काढला नाही. पण पोटचं पोर दुसऱ्याच्या नावावर चढवायचं? तुला खरंच चालत असेल तर तसं सांग. मी उठते, परत विषय काढणार नाही."

"काकू, वेळ संपली," तो माणूस म्हणाला.

गायुलचे डोळे भरले होते आणि कान लालबुंद झाले होते. तिनं योमच्या नावावर जाड रेघ मारली आणि खाली आडनावासकट ठसठशीत लिहिलं: गीत, प्यो गायुल.

"हे काय चाललंय?" त्या माणसानं पेनावर हात घातला. गायुलनं पेन सोडलं नाही.

माल्सून उठली. तिच्या जागी चष्मेवाली एक मुलगी आली आणि गुलाबी चिठ्ठी लावलेला फोटो तिनं पुढे सरकवला.

"थांब हं," गायुल तिला म्हणाली, आणि तिच्या अल्बमचं शेवटचं पान तिनं स्वतःच उघडलं.