डाक्टर

गावात सगळे त्याला डाक्टर म्हणायचे. शाळा चौथीत सुटलेली, पण वासराच्या जखमेत अळ्या पडल्या की हाक त्यालाच. फिनेलचा बोळा आत कोंबायचा आणि जनावर घट्ट धरायचं. गुण यायचा, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता.

धार काढून झाली की तो टाळूवर जीभ वाजवायचा. मग वासरू आणि त्याची तीन वर्षांची लेक दोघंही धावत यायची. बहुतेक वेळा लेकच जिंकायची.

पंधरा दिवस तिचा कान वाहत होता. बायको शेण भरताना तिला गोठ्यातच पोत्यावर निजवायची. गोठा म्हटल्यावर माशा आल्याच, कोण लक्ष देतो?

त्या सकाळी बायको म्हणाली, "अहो, हिच्या कानात काहीतरी हलतंय."

त्यानं वाकून पाहिलं. पांढरं, वळवळणारं. मेल्याला हायसंच वाटलं, दुखणं ओळखीचं निघालं ना!

"अळ्या आहेत. फिनेल आण."

"दवाखान्यात नेऊ या. पोर आहे ती, वासरू नाही."

"गावाची जनावरं बरी करतो मी. पोटच्या पोरीला नाही करणार? धर तिला."

बायकोनं धरली. पोर अशी किंचाळली की बसलेल्या गाई उठून उभ्या राहिल्या. मग तिनं भडाभडा ओकलं आणि मान टाकली. तेव्हा कुठे तो तिला खांद्यावर टाकून दवाखान्याकडे पळत सुटला.

डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं अकरा अळ्या काढल्या.

"कानात काय घातलंत?"

"फिनेल. जनावरांना गुण येतो, बाई."

"अळ्या मी काढल्याच असत्या. पडदा आधीच फाटलेला, औषध थेट आत गेलं. या कानानं आता तिला ऐकू येणार नाही."

महिन्याभरानं त्यानं धार काढली आणि सवयीनं जीभ वाजवली. वासरू शेपूट वर करून आलं. पोरीनंही ऐकलं, पण आवाज कुठून आला ते तिला उमगेना. ती अंगणात उभी राहून भलतीकडेच बघत राहिली, बापाला शोधत.

कुंपणाबाहेरून कुणीतरी विचारलं, "डाक्टर आहेत का घरात? गाईला अळ्या पडल्यात."

त्याला स्पष्ट ऐकू आलं होतं. त्यानं ओ दिली नाही.