भिंतीवरचा ड्रायव्हर

“पुसून टाका. रंग ओला आहे तोवरच बरं,” ड्रायव्हर खालून म्हणाला. शिडीवरची चित्रकार मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली. तिच्यामागे भिंतीवर त्याचंच तोंड दोन मजले उंच झालं होतं.

चौकात पुढाऱ्यांचे पुतळे पुष्कळ झाले, आता भिंतीवर आपल्यातलं कुणीतरी हवं, म्हणून वस्तीनंच मतं देऊन त्याला निवडलं होतं. हा शववाहिका चालवतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर मतं पडली. पण मत देणं वेगळं आणि रोज समोर बघणं वेगळं.

“सकाळी उठून याचं तोंड बघायचं?” कोपऱ्यावरचा शिंपी ओरडला. “गिऱ्हाईक तरी फिरकेल का दुकानात?”

“बरोबर आहे त्यांचं,” ड्रायव्हर म्हणाला. हा माणूस जन्मात कुणाशी भांडला नव्हता. ती कसर त्याच्या बायकोनं भरून काढली.

“लग्नकार्यात यांना कोपऱ्यात बसवता, तेव्हा मी गप्प राहिले. आता नाही! हे आले होते का मतं मागायला तुमच्या दारात?”

ज्यांच्या खिडकीसमोर ते चित्र होतं, त्या गाणं शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाई काठी टेकत खाली आल्या.

“आमचे हे गेले, तेव्हा यानं एवढंच विचारलं, ‘बाई, कुठून नेऊ?’ मला काही कळेना. तर म्हणाला, ‘त्यांच्या आवडीचा एखादा रस्ता असेल ना?’ नदीकाठानं नेलं. लांबचा वळसा पडला, पण नेलं.” त्या शिंप्याकडे वळल्या. “तुझ्या आईला कुठून नेलं रे?”

शिंप्याची मान खाली गेली. “शाळेवरनं. जन्मभर तिथंच झाडलोट केली तिनं.”

“आमच्या अण्णांना बाजारातनं,” कुणीतरी मागून म्हणालं.

“ताईला स्टेशनावरनं.”

ड्रायव्हर चोरासारखा उभा होता आणि त्याच्या बायकोचे डोळे भरून आले होते.

“माझ्या खिडकीसमोर आहे ना? मग राहील,” बाई म्हणाल्या. “ए मुली, कान राहिलाय बघ त्याचा.”

चित्र पुरं झालं. ड्रायव्हर लाजून अजून मागच्या गल्लीनं कामावर जातो. बायको मात्र, घरात भाजी असली तरी, रोज सकाळी पिशवी घेऊन पुढच्या रस्त्यानं निघते. भिंतीपाशी आली की केस सावरते, आणि कुणी ओळखीचं दिसेपर्यंत तिथून हलत नाही.