मर्वने शिवलेलं मुसकं

मी नोएलीन. वय त्रेसष्ट, जीभ तिखट, आणि चूक कबूल करायची सवय नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यामुळेच घडलं.

ऑस्ट्रेलियात, बर्कच्या पलीकडे एका गावात कोंडवाडा आहे. तिथे सोडून दिलेलं कुत्रं आठ दिवस ठेवतात, मग सुई टोचून मारतात. महिन्यातून एकदा माझा नवरा डॅरिल आणि मी मावतील तेवढी कुत्री ट्रेलरमध्ये घालून सहा तासांवर मोलाँगच्या डोंगरात नेतो. तिथे एका बाईने नको झालेल्या कुत्र्यांना आसरा दिलाय, मरेपर्यंतचा. त्या खेपेला चौदा होती. त्यातली एक मिंटी, मेंढ्या वळून थकलेली, बारा वर्षांची, ठार बहिरी.

मिंटी मर्वची. मर्व म्हणजे आमच्याकडचा जुना विषवाला. कोल्हे आणि रानकुत्री मारायला मांसाचे विषारी तुकडे टाकत चाळीस वर्षं रान तुडवलेला माणूस. हिवाळ्यात स्वयंपाकघरात पडला, खुबा मोडला. मुलीने त्याला मोलाँगच्या वृद्धाश्रमात ठेवलं आणि मिंटीला कोंडवाड्यात. आता मिंटी डोंगरात पोचली की दर रविवारी त्याला भेटायला नेणार होते. तेवढ्या रविवारांवर तो जगत होता.

"पोरी, त्या रस्त्याला विष आहे," तो फोनवर म्हणाला होता. "माझ्यासारख्यांनीच टाकलेलं. कुंपणाच्या आत टाकतो आम्ही, पण कावळ्यांना कुठं पाटी वाचता येते? उचलतात, वाटेल तिथं टाकतात. मुसकं बांधल्याशिवाय तिला खाली उतरवायचं नाही. शप्पथ घे."

मी घेतली. आठवड्याने पोस्टातून मुसकं आलं. चामड्याचं, त्याने स्वतः शिवलेलं. त्याचे हात इतके कापतात की चहाचा कप अर्धाच भरावा लागतो, आणि टाके मात्र एकाला एक लागून.

गाडीच्या पुढच्या खणात धुण्याच्या सोड्याचे खडे असतात, तेही मर्वनेच शिकवलेलं. कुत्र्याने विष खाल्लं तर लगेच खडा घशात घालायचा, ते ओकतं, बहुतेकदा वाचतं. अर्धा-पाऊण तास गेला की मग हात जोडून बसायचं.

सकाळी नऊला बायरॉकच्या पुढे नेहमीच्या झाडाखाली थांबलो. सगळ्यांना मुसकी, सगळ्यांना दोऱ्या. डॅरिल दोन दांडगी कुत्री घेऊन ट्रेलरच्या पलीकडे गेला.

"नोएलीन, लाड नकोत हां!" तो तिकडून ओरडला. "मागच्या खेपेला तुझ्या लाडांनी ती पांढरी पळाली, मी तीन किलोमीटर धावलो. माझा गुडघा अजून तुझं नाव घेतो."

"तुझा गुडघा लग्नापासून दुखतोय," मी म्हटलं.

मिंटी माझ्या बुटावर नाक घासत होती. मुसक्याच्या कडेने तिचं नाक लाल झालं होतं. माझ्या पिशवीत तिच्यासाठी भाजलेलं सॉसेज होतं. आठ दिवस कोंडवाड्यात पडलेली म्हातारी, एक घास सुखाने खाऊ दे, असं वाटलं. मी बक्कल काढलं. मुसकं खिशात घातलं, पिशवीत हात घातला, आणि तेवढ्यात ती दोन पावलं गेली. गवतातून काहीतरी सुकलेलं, काळपट उचललं आणि गिळलं.

मी पाहिलं. अगदी स्पष्ट पाहिलं.

कांगारूचं वाळलेलं कातडं असेल, मी मनाला सांगितलं. सोड्याचा खण माझ्यापासून पाच पावलांवर होता. पण खण उघडला असता तर डॅरिलने विचारलं असतं, मुसकं का काढलंस? मग पुढचे पाच तास, पुढची पाच वर्षं मी ते ऐकलं असतं. मी मुसकं परत चढवलं आणि तिला पिंजऱ्यात ठेवलं.

निंगन गाव मागे गेलं. मी दर दहा मिनिटांनी मागे वळून बघत होते.

"काय गं, उंदीर चावला का?" डॅरिल म्हणाला.

"काही नाही."



नेव्हरटायर ओलांडलं आणि मागून आवाज आला. तो आवाज मला परत ऐकायचा नाही. डॅरिलने गाडी बाजूला घेतली. मिंटी आडवी पडून पळत होती. चारही पाय पिंजऱ्याच्या जाळीवर, जिवाच्या आकांताने, कुठेच न जाता. बाकीची तेरा कुत्री एकदम गप्प झाली. मी मुसकं ओरबाडून काढून खिशात कोंबलं. डॅरिलने सोडा घातला. तो तसाच बाहेर आला.

"कुठं खाल्लं हिने? मुसकं तर होतं!"

"मी काढलं होतं," मी म्हणाले. "मी पाहिलं होतं, डॅरिल."

त्याने मिंटीला चादरीत गुंडाळलं. ज्या बोलण्याला मी घाबरले होते, ते त्याने केलंच नाही. नॅरोमाईनच्या जनावरांच्या डॉक्टरकडे निघालो, पण गाव दिसायच्या आत ती गेली.

तेरा जिवंत कुत्री मागे होती, त्यामुळे पुढे जावंच लागलं. तीनला पोचलो. मर्व वृद्धाश्रमातून येऊन बाईच्या फाटकाशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, मांडीवर कागदात गुंडाळलेलं डेव्हनचं, म्हणजे मऊ सॉसेजच्या कापांचं, सँडविच. मिंटीला ते आवडायचं. बाई म्हणाली, बारापासून बसलेत, जेवायलाही आत आले नाहीत.

डॅरिलने चादरीतलं ओझं त्याच्या मांडीवर ठेवलं. मर्वने चादर बाजूला केली. तोंडाकडे पाहिलंच नाही. पाय हातात घेतले, एकेक करून चारही, आणि तुटलेल्या नखांवरून अंगठा फिरवला. चाळीस वर्षं अशी नखं पाहिलेल्या माणसाला काय सांगायचं?

मग तो म्हणाला, "शिवण सुटली ना?"

मला कळलं नाही.

"मुसक्याची. बक्कलपाशी मला शंका होतीच. हात साथ देत नाहीत आता. दुसऱ्याकडून शिवून घ्यायला हवं होतं, पण म्हटलं, माझ्या पोरीचं मीच शिवतो." त्याने मान वर केली. "माझ्याच हातानं गेली गं ती."

डॅरिल माझ्याकडे बघत होता. मुसकं माझ्या खिशात होतं.

"हो," मी म्हणाले. "शिवण सुटली."

मर्वने मान हलवली. सँडविच उघडून चादरीत तिच्या तोंडाशी ठेवलं आणि आपले कापणारे हात मांडीखाली लपवले.

पुढच्या महिन्यात मर्व गेला. मुसकं माझ्याकडेच आहे. कधीकधी बक्कलपाशी दोन्ही हातांनी धरून जीव खाऊन ओढते. एकही टाका हलत नाही.