वेलमारची बाजू

वेलमारची बाजू घेऊन घेऊन गजेंद्र थकला होता.

वेलमार नावाचा देश नकाशात नाही. तो एका जाडजूड पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक हाताशी ठेवून जगभरात लोक एक खेळ खेळतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी शिपाई, कुणी वैद्य, कुणी जादूगार. आपला माणूस काय करतो ते ज्याचं त्यानं सांगायचं. ते जमलं की फसलं हे फाशांवर ठरतं. कॉलेजात असताना गजेंद्रला नागपूरच्या एका मित्राकडून हे पुस्तक मिळालं होतं. आता तो वर्ध्यात वडिलांनी थाटलेलं रंगाचं दुकान चालवत होता. रविवारी दुपारी शटर ओढलं की वरच्या गोदामात, रंगाच्या डब्यांच्या मधोमध सतरंजी टाकून, तो वेलमारची गोष्ट सांगायला बसायचा. पुस्तक इंग्रजी, पण गोष्ट वऱ्हाडीत.

पहिले टीकाकार घरातच होते. वडील सदाशिवराव जिन्याखालून ओरडायचे, "आपल्या पोथ्यायमंदी राक्षस कमी पडले का रे तुले? बाहेरचे काऊन आणतं?" सुरुवातीला गजेंद्र खाली येऊन समजावून सांगायचा. नंतर नुसतं "हो बाबा" म्हणायला लागला.

इंटरनेटवरचे टीकाकार निराळे. या खेळाच्या गप्पा चालतात अशा एका ठिकाणी गजेंद्र कित्येक वर्षं लिहीत होता. तिथे दर काही महिन्यांनी कुणीतरी नवा यायचा आणि वेलमार कसा भिकार आहे ते सांगायचा. देवच फार आहेत. गल्लीगल्लीला इतिहास सांडलाय, नव्या माणसाला पाय ठेवायला जागा नाही. आणि जागोजागी इतके थोर जादूगार बसलेत की संकट आलं तर तेच निस्तरतील, साध्या माणसाचं तिथे काम काय?

या शेवटच्या मुद्द्यावर गजेंद्रनं एकदा मन लावून लिहिलं होतं. आमच्याकडे बोर नदीवर मोठं धरण आहे, असं त्यानं लिहिलं. त्यात पाणी भरपूर. पण कालव्याच्या टोकाच्या शेतात ते आपोआप पोचत नाही. मधे कुठेतरी पाट फुटतो, आणि तो बुजवायला एक माणूस पहाटे फावडं घेऊन जातो. थोर लोक असले म्हणून त्याचं काम संपत नाही. उलट त्याचीच गोष्ट सांगण्यासारखी असते. ते उत्तर पुष्कळांना आवडलं. वर्ष उलटायच्या आत तोच प्रश्न तशाच शब्दांत पुन्हा आला, आणि गजेंद्रनं जुनं उत्तर शोधून चिकटवलं. मग ती सवयच पडली. बाजू घेणं चालूच होतं, त्यातला जीव गेला होता.

त्या मार्चमध्ये गोदामात चारजण बसत. गजेंद्र. त्याच्या चुलतभावाचा मुलगा धीरज, जो पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करत होता आणि खेळात जादूगार व्हायचा. हिंगणीचा नयन, वांगी-टोमॅटो पिकवून सेलूच्या बाजारात नेणारा. खेळात तो पाटकरी व्हायचा, म्हणजे कालव्याचं पाणी वाटणारा, आणि दुसरं काही व्हायला त्याला नको होतं. चौथी रंजिता. ती नालवाडीच्या एका शिकवणीत गणित शिकवायची. नयनची मुलगी तिच्याकडे जायची, त्या ओळखीनं नयननंच तिला आणलं. तिला सगळे मॅडम म्हणत. तिचा दुसराच रविवार होता आणि खेळात ती वैदीण झाली होती.

धीरज आल्या आल्या मोबाइल पुढे करून बसला. "काका, हा पाहा. एक तासाचा व्हिडिओ आहे. वेलमार काऊन बंद केला पाहिजे, त्याची सारी कारणं देल्ली आहेत यानं."

"पाह्यला," गजेंद्र म्हणाला.

"मंग?"

"मंग काय. फासे काढ."

"तुम्ही उत्तर नाई देत आजकाल."

"देऊन देऊन तोंड दुखलं बापू. बस आता."

गोष्ट सुरू झाली. वेलमारमधलं एक लहान गाव. पुस्तकातलं नाव उच्चारायला कठीण म्हणून गजेंद्रनं त्याला तांबडवेस म्हणायला सुरुवात केली होती. गावच्या देवळातली घंटा सकाळी जागेवर नव्हती. कोतवालानं या तिघांना बोलावलं.

"सोपं आहे," धीरज म्हणाला. "वेशीबाहेर झोरकायची वस्ती आहे ना? तिकडेच सापडन."

नयननं मान हलवली. झोरक म्हणजे पुस्तकातली एक जमात, वेशीबाहेर राहणारी. गजेंद्रही तेच धरून चालला होता. घंटा झोरकांनीच नेली असं त्यानं शनिवारी दुकानात बसल्या बसल्या ठरवलं होतं. कोतवाल वस्तीवर जातो, सगळ्यांना झोपड्यांबाहेर काढून रांगेत उभं करतो, हे त्यानं सराईतपणे सांगितलं. असा प्रसंग त्यानं पूर्वीही रंगवला होता.

"झोरकच काऊन?" रंजितानं विचारलं.

"ते तसेच असतेत, मॅडम," धीरज म्हणाला आणि पुस्तक उघडून त्यानं वाक्य वाचलं, लगेच मराठीतही सांगितलं. "झोरक हे जन्मतःच चोर असतात. त्यांच्यावर दया दाखवणं व्यर्थ आहे."

"जन्मतःच?"

"असं लिवलं आहे."

रंजितानं वाकून ते वाक्य स्वतः वाचलं. मग म्हणाली, "आमच्या पंजोबायच्या वेळी इंग्रज सरकारच्या कायद्यात असंच लिहिलं होतं. आमच्याबद्दल. मी पारधी आहे, तुम्हाले माहीत नसन."

नयनला माहीत होतं. तो सतरंजीचा दोरा ओढत बसला. धीरजनं पुस्तक हळूच मिटलं.

गजेंद्रच्या तोंडून मात्र उत्तर निघालंच. सवयीनं निघालं. "मॅडम, ते जुनं पुस्तक आहे. नवीन आवृत्तीत ते वाक्य काढलं आहे त्यायनं. आणि लिहिणाऱ्याच्या मनात कोणती खरी जात नव्हती. खेळाले दुश्मन लागतेच, कोनी ना कोनी. आणि दुसऱ्या एका भागात झोरक राजाची गोष्ट आहे, तो चांगला..." बोलता बोलता त्याला आपलाच आवाज ऐकू आला. हीच वाक्यं त्यानं याच क्रमानं किती जणांना लिहिली होती.

रंजितानं सगळं ऐकून घेतलं. पाठ केलेलं उत्तर म्हणणाऱ्या पोराचं शिक्षक ऐकतात, तसं.

"हे तुम्ही लय वेळा बोलले असान," ती म्हणाली.

"हो."

"वाटलंच. बोलताना थकून जाता तुम्ही."



"कायद्यातलं वाक्य बी काढलं, भाऊ. मायी आजी लहान होती तेव्हाच काढलं. पन मागच्या साली गावात एका बाईची पोत हरवली, तर पोलीस आमच्याच बेड्यावर, वस्तीवर आले. माया भावाले नेलं. तो कॉलेजात शिकते. दिवसभर बसवून ठेवलं. संध्याकाळी पोत त्या बाईच्याच घरी सापडली, गादीखाली." तिनं हे इतक्या सपाट आवाजात सांगितलं की कुणाला हळहळ व्यक्त करायलाही जागा उरली नाही.

धीरजला आता बोलल्याशिवाय राहवेना. "मी हेच म्हणून राह्यलो ना काका, कधीचा. ही दुनियाच सोडून देऊ. मी दुसरी आणली आहे, नवीन. तिच्यात असं काही नाई. सारं साफ आहे."

"मी सोडा म्हटलं नाई," रंजिता म्हणाली.

"पन तुम्हीच तर..."

"मी विचारलं, काऊन. साफ जागी जाऊन मी काय करू, धीरज? तिथं घंटी हरवली तर कोनी कोनाच्या घरी जानारच नाई. ते तर मले समजनारच नाई." तिनं फासे हातात घेतले. "इथं मले सारं ओळखीचं वाटते. भाऊ, मायी वैदीण झोरक आहे असं चालन का? गावाले माहीत नाई, असं."

खेळाच्या नियमात ते बसत नव्हतं. माणूस एकदा ठरला की बदलता येत नाही. गजेंद्र म्हणाला, "चालन."

"मंग ती जाऊन त्या रांगेत उभी राह्यली."

आता कोतवालाच्या तोंडचं गजेंद्रला बोलायचं होतं. त्यानं घसा साफ केला आणि दरडावून म्हणाला, "ए, नाव काय तुहं?" ते अगदी नाटकातल्यासारखं वाटलं.

"एवढ्या मोठ्यानं नाई बोलत ते," रंजिता म्हणाली. "हळूच बोलतेत. नाव विचारतेत, मंग बापाचं नाव विचारतेत. मंग म्हणतेत, बस. बस्स, एवढंच. उठ कधी म्हणतेत ते कोनाले माहीत नसते."

गजेंद्रनं तसं केलं. हळू आवाजात नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, आणि म्हणाला, "बस." वरचा पत्रा तापला होता, कूलर घुंई घुंई करत होता. खेळातल्या वस्तीत सगळे उन्हात बसले.

धीरजनं जादूनं घंटा शोधायचा प्रयत्न केला. फासा वाईट पडला. त्यानं पुन्हा टाकायची परवानगी मागितली नाही.

"माहा पाटकरी बी बसते," नयन एकाएकी म्हणाला.

"कुठं?"

"रांगेत. मॅडमच्या बाजूले. त्याले कोतवालानं नाव विचारलं तर तो सांगन."

"तुह्यावर कोनाचा संशय नाई नयन," गजेंद्र म्हणाला.

"नसू दे. पाट आज कोनी नाई पाह्यला तर काय होते."

रंजितानं त्याच्याकडे पाहिलं नाही, पण जरा बाजूला सरकली, खरोखरच, सतरंजीवर. पुढे काही घडवायचं गजेंद्रला सुचेना. सगळे तिथेच बसलेले असताना त्यानं खेळ थांबवला. जिन्यात त्यानं रंजिताला विचारलं, "पुढच्या रविवारी येता ना?"

"पेपर तपासाचे आहेत. पाहते."

संध्याकाळी त्यानं सवयीनं गप्पांचं ते ठिकाण उघडलं. कुणीतरी झोरकांवरच लिहिलं होतं, धीरजच्या व्हिडिओतलंच. गजेंद्रनं ठरलेलं उत्तर चिकटवलं आणि पाठवण्याआधी पुसलं. मग लिहिलं, "तुमचं बरोबर आहे. ते वाक्य वाईटच आहे. तरी आम्ही वेलमारातच खेळतो." जेवण होईपर्यंत दोन्हीकडचे त्याच्यावर तुटून पडले होते. टीकाकार म्हणाले, कळतंय तरी खेळता, लाज नाही. इतकी वर्षं त्याच्या बरोबरीनं बाजू घेणारे म्हणाले, तूही फिरलास. गजेंद्रनं कुणालाच उत्तर दिलं नाही.

"काय झालं?" बायको रक्षानं विचारलं.

"काही नाई. थकलो."

"मंग नको खेळू."

"खेळून नाई थकलो," तो म्हणाला. 

पुढचे काही रविवार रंजिता आली नाही. नयन यायचा, धीरज यायचा, पण गोष्ट पुढे न्यावी असं कुणाला वाटत नव्हतं. धीरजनं आपली नवी दुनिया एकदा खेळून दाखवली. ती खरंच चांगली रचलेली होती. नयन मधेच पेंगला.

एप्रिल लागल्यावर एका रविवारी ती आली. परीक्षा संपल्या होत्या. पाणी प्यायली आणि विचारलं, "ते लोक अजून बसलेच आहेत का?"

"बसलेच आहेत," नयन म्हणाला.

या मधल्या दिवसांत गजेंद्रनं घंटेचं काय ते ठरवून ठेवलं होतं. घंटेला चीर गेली होती. पुजाऱ्यानंच ती सांधायला कासाराकडे दिली आणि कुणाला सांगायचं राहून गेलं. कोतवालाला दुपारी कळलं. गजेंद्र हळू आवाजात म्हणाला, "जा आता."

"एवढंच?" धीरज म्हणाला. "माफी नाई मागत का तो?"

रंजितानं मान हलवली. "नाई मागत."

गजेंद्रला वाटलं, मागायला लावावी. कोतवाल त्याच्याच तोंडचा होता. एक वाक्य बोललं की झालं. पण ते वाक्य त्याला खोटं वाटलं, आणि खोटी बाजू घेण्याचं त्राण त्याच्यात राहिलं नव्हतं. त्यानं कोतवालाला पाठ फिरवून जाऊ दिलं.

"मंग मायी वैदीण उठते," रंजिता म्हणाली. "रांगेतल्या म्हाताऱ्यायचे पाय आखडले असतीन, ते पाहते पहिले. पाटकरी, तुमचे बी पाय दाखवा."

"माहे चांगले आहेत," नयन म्हणाला.

"दाखवा तरी."

तिनं फासा टाकला. गजेंद्रनं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि किती पडले ते वाकून पाहिलं.